शेततळ्यांतील मासे व वैशाखाचें पाणी

'मागेल त्याला शेततळें' ही योजना सन २०१६ मध्यें निघाल्यापासून आपल्या अवर्षणी तालुक्यांत तळीं पुष्कळ झालीं, व त्यांत रोहू, कटला, मृगळ सोडण्याची हौसही वाढली. सन १९५७ मध्यें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं अशा जातींस टोचून बंदिस्त पाण्यांत अंडीं घालावयास लाविलें; त्यामुळें बीजासाठीं नदीच्या पुराकडे डोळे लावून बसण्याची पाळी पुढें टळली. बीज सुलभ झालें, परंतु तळ्याचा विचार मागें पडला, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तळें खणतांना लांबीरुंदी सर्वजण विचारतात. वैशाखांत पाणी किती उरेल हें कोणी विचारीत नाहीं. दप्तरांत आयुष्य गेलेल्या मनुष्यास कागदावरचें तळें व रानांतलें तळें यांतील अंतर चांगलें ठाऊक असतें! उन्हानें पाणी आटतें, त्यांतच डाळिंब सुकूं लागलें कीं हात पंपाच्या खटक्याकडे जातो. उथळ पाणी लवकर तापतें, तापल्या पाण्यांत प्राणवायु कमी राहतो, व उरलासुरला रात्रीं शेवाळ ओढून घेतें. मग पहांटे मासे वर येऊन तोंड वासूं लागतात. दोन दिवस आभाळ भरून राहिलें तरी हेंच घडतें. सबब निदान ५-६ फूट पाणी माशांचें, अशी खूण आधींच करून त्याखालीं उपसा करूं नये. ज्यास हें परवडत नाहीं त्यानें मासे सोडूंच नयेत.

बगळा पोहून शिकार करीत नाहीं, उथळांत उभा राहून टिपतो. म्हणून कांठाशीं पाणी एकदम खोल असावें. मात्र असा कांठ माणसासही घातक आहे. कुंपण व पाण्यांत सोडलेला गांठींचा दोर यांवांचून तळें पुरें झालें असें समजूं नये. पाणकावळा बुडी मारतो; त्यास वरून आडव्या ताणलेल्या जाड दोऱ्यांचा अडथळा होतो. बंदूक काढूं नये, सन १९७२ चा वन्यजीव कायदा आड येतो. मरळ ओढ्याच्या पाण्याबरोबर आंत शिरते, व तिच्यापुढें पक्षी बरे! मातीच्या जुन्या तळ्यांत मोहाची पेंड घालून तिचा नायनाट करावा, तीन आठवडे थांबावें, आणि मग बारीक बीज न सोडतां बोटुकली सोडावी.

सांडव्याची जाळी अरुंद असली कीं पहिल्या लोंढ्यांत पाल्यानें तुंबते, पाणी बांधावर चढतें, आणि धनी अंधारांत ती उपटून टाकतो. मासे ओढ्यास लागतात. जाळी रुंद, तिरपी व बांधावरून साफ करतां येईल अशी मृगापूर्वीं बसवावी.