मधल्या फळीतील कामगार

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा, पुढे टाटांच्या भागीदारीत गेलेला, मोटारींचा कारखाना आहे. फियाटच्या आन्येल्ली घराण्याच्या हाती 1923 मध्ये ट्युरिनचा युव्हेंटस हा फुटबॉल संघ आला. 2018 च्या जुलैत या संघाने रोनाल्डोसाठी सुमारे 10 कोटी युरो मोजले, तेव्हा इटलीतील मेल्फी येथील फियाटच्या कारखान्यात एका कामगार संघटनेने संपाची हाक दिली. कामगारांना काटकसर शिकवणारे मालक एका खेळाडूवर एवढी उधळण कशी करतात, असा तिचा सवाल होता. संपाला प्रतिसाद नगण्य मिळाला; सवाल मात्र रास्त होता.

त्या सवालात एक गोष्ट राहून गेली. रोनाल्डो हा अपवाद. बहुसंख्य खेळाडू हे मालकाच्या मर्जीवर जगणारे पगारदारच असतात. गोव्याचे क्लायमॅक्स लॉरेन्स यांची कारकीर्द त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

लॉरेन्स मधल्या फळीत खेळत. प्रतिपक्षाकडून चेंडू काढून घ्यायचा, पुढच्याच्या पायाशी पोचवायचा आणि पुन्हा आपल्या जागी यायचे, हे त्या फळीचे काम. गोलांच्या यादीत त्याची नोंद क्वचितच होते. लॉरेन्स यांची ती झाली 2008 मध्ये. आशियाई चॅलेंज चषकात हैदराबाद येथे अफगाणिस्तानविरुद्धचा सामना गोलशून्य सुटणार असे दिसत असता अगदी अखेरच्या क्षणी त्यांनी गोल केला. पुढे भारताने ती स्पर्धा जिंकली आणि 1984 नंतर प्रथमच, 2011 मध्ये, दोहा येथील आशियाई चषकात त्याला प्रवेश मिळाला. तेथे तिन्ही सामने भारत हरला, हेही सांगितले पाहिजे. लॉरेन्स यांनी राष्ट्रीय संघाचे नेतृत्वही केले व 2012 मध्ये त्या संघातून निवृत्ती घेतली.

कारकिर्दीचा मोठा भाग त्यांनी धेंपो क्लबमध्ये काढला. 2005 ते 2012 या काळात या क्लबने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवले. यश मैदानावरचे खरे; पण त्यामागचा पैसा जमिनीखालचा होता. धेंपो काय, साळगावकर काय, हे क्लब पोसणारी घराणी खाणमालकांची. धेंपोंनी 2009 मध्ये खाणव्यवसाय विकला, 2012 मध्ये गोव्यातील खाणीच बंद पडल्या आणि 2016 मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग व धेंपो हे तिन्ही क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. त्यांनी दिलेले कारण वेगळे होते व ते बिनबुडाचे नव्हते: महासंघ त्यांच्या लीगला दुय्यम ठरवून नव्या इंडियन सुपर लीगला पुढे करीत होता. मुंबईत महिंद्रांनी तर 2010 मध्येच आपला संघ गुंडाळला होता. मालकाची हौस हा सेवाशर्तींचा पाया होऊ शकत नाही, हे रांजणगावच्या कंत्राटी कामगाराला वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

नव्या व्यवस्थेने तरी तो पाया घातला काय? 2010 मध्ये महासंघाने खेळाचे व्यापारी हक्क 15 वर्षांसाठी, 700 कोटी रुपयांना, रिलायन्स व आयएमजी यांच्या संयुक्त कंपनीला दिले. खेळात पैसा आला, पगार वाढले; हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मुदत संपत आली तरी करार नवा होईना, तेव्हा 2025 च्या जुलैत लीगच स्थगित झाली आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. ज्या करारावर त्यांची सही नव्हती, त्याच्या अखेरीची किंमत त्यांनी मोजली.

सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली. तीत नामवंत माजी खेळाडूंना सर्वसाधारण सभेत स्थान आहे, ही चांगलीच गोष्ट. पण निवृत्त नामवंत वेगळे आणि महिन्याच्या पगारावर घर चालवणारा आजचा खेळाडू वेगळा. खेळाडूंची अखिल भारतीय संघटना 2006 पासून अस्तित्वात आहे. वेतनाची हमी, दुखापतीच्या काळातील पगार आणि क्लब मध्येच बंद झाल्यास भरपाई यांविषयीचा करार महासंघाने व क्लबांनी तिच्याशी सामुदायिक वाटाघाटींनी केला पाहिजे, आणि तोही व्यापारी हक्कांचा दीर्घ मुदतीचा कोणताही व्यवहार करण्याआधी.