रॅमचं कोटेशन आलं की 'अव्हेलेबल' विचारा

मी राहतो पिंपळे गुरवात आणि सांभाळतो भोसरी एमआयडीसीतल्या लहान युनिटांचे कॉम्प्युटर. परवा एका जॉबवर्कवाल्या शेठनी कोटेशन पुढे सरकवलं. ड्रॉइंग आणि व्हीएमसी मशीनचे प्रोग्रॅम ठेवायचा लिनक्स सर्व्हर, रॅम १६ जीबी, शेरा: 'मेमरी संपली, आणखी १६ टाका.' सोबत स्क्रीनचा फोटो.

"बघा ना साहेब, पाव जीबीसुद्धा उरली नाही!"

'फ्री'च्या रकान्यात २१० एमबी होते, हे खरं. पण त्याच ओळीच्या टोकाला 'अव्हेलेबल'खाली १०.८ जीबी होते. तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

लिनक्स मेमरी रिकामी ठेवत नाही. एकदा वाचलेली फाइल कॅशमध्ये राहते. ऑपरेटरने तेच ड्रॉइंग पुन्हा उघडलं तर डिस्ककडे जावं लागत नाही. नवं काम आलं की टेबलावरची जुनी ड्रॉइंग बाजूला सारावीत, तशी ही कॅश सोडून दिली जाते. मात्र फ्री आणि कॅश यांची सरळ बेरीजही चुकते, कारण टीएमपीएफएस (मेमरीतच ठेवलेल्या फाइली) आणि शेअर्ड मेमरी कॅशमध्येच मोजली जाते आणि ती अशी सोडता येत नाही. म्हणून तर २०१४ मध्ये, कर्नल ३.१४ पासून, 'मेमअव्हेलेबल' हा वेगळा अंदाज आला: स्वॅप न करता, म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर न हलवता, नव्या प्रोग्रॅमला साधारण किती मिळेल. इतकी वर्षं झाली, तरी आमच्या धंद्यातली मंडळी पहिल्याच रकान्यावर बिलं फाडतात.

काही हुशार लोक तर रोज रात्री कॅश झाडणारा क्रॉन लावून देतात. आकडा देखणा दिसतो, आणि सकाळची पहिली शिफ्ट प्रत्येक फाइल नव्याने डिस्कवरून वाचते. मोबाइलमधली 'रॅम क्लीनर' ॲप याच जातीची. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे.

२०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांपायी रॅमचे भाव भडकले. अशा वेळी शेठ लोकांनी कोटेशनवाल्याकडे दोनच गोष्टी मागाव्यात: ऐन कामाच्या वेळचा 'अव्हेलेबल' आणि त्याच वेळचे व्हीएमस्टॅट कमांडमधले 'एसआय', 'एसओ', म्हणजे स्वॅपमधून आत आणि स्वॅपकडे बाहेर किती जातं ते. अव्हेलेबल तळाला आणि स्वॅपची ये-जा सतत चालू, तर रॅम खुशाल घ्या, मीच आणून देतो.

त्या शेठच्या सर्व्हरवर 'एसआय' आणि 'एसओ' दिवसभर शून्य होते. दुपारी तीनला मात्र व्हीएमस्टॅटमधलाच 'डब्ल्यूए' चढायचा, म्हणजे प्रोसेसर डिस्कची वाट बघत बसायचा. कुणीतरी बॅकअप भर शिफ्टमध्ये लावून ठेवला होता. तो रात्री दोनला हलवला आणि कोटेशन शेठनी ड्रॉवरमध्ये टाकलं.