अश्रू आणि शब्द

काही वर्षांपूर्वी जबलपूरच्या राइट टाउन भागात एका शोकसभेला मी उपस्थित होतो. 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर ही शहरे एकाच राज्यात होती. त्यामुळे नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या शहरात नांदत आहेत. अशाच एका घरातील वृद्ध काकू निवर्तल्या होत्या. शोकप्रस्ताव लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी तो मोठ्या परिश्रमाने लिहिला. क्रूर काळाने घाला घातला, दुःखाचा डोंगर कोसळला, मायेचा सागर आटला, अशी एकाहून एक भारदस्त वाक्ये मी त्यात योजली. प्रस्ताव वाचून झाला. लोकांनी माना डोलावल्या; पण कोणाचे डोळे ओलावल्याचे मला दिसले नाही.

सभा संपता संपता दाराशी उभा असलेला भाजीवाला संकोचत पुढे आला. तो हिंदीत बोलला. त्याचा आशय असा होता : ''शेवटची दोन वर्षे काकूंना नीट दिसत नव्हते. त्या पैशांचा बटवा माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, तुझे किती झाले ते तूच काढून घे. त्यांनी एकदाही मोजून पाहिले नाही. परवा मी हाक मारली, तर दार उघडले नाही.'' एवढे बोलून तो गप्प झाला. त्या वेळी मात्र सभेत कोणालाच डोळे कोरडे ठेवता आले नाहीत.

माझ्या प्रस्तावात दुःखाचे शब्द भरपूर होते. भाजीवाल्याच्या बोलण्यात 'दुःख' हा शब्दही नव्हता. मग असे का व्हावे? शब्दांनी श्रीमंत असलेले लेखन मनाला स्पर्श करत नाही आणि साधे चार शब्द काळजाला भिडतात, याचे कारण काय असावे?

हा प्रश्न नवा नाही. अकराव्या शतकातील काश्मीरचे पंडित मम्मट यांनी 'काव्यप्रकाश' या ग्रंथात रसाला बाधा आणणारे दोष सांगितले आहेत. त्यांपैकी दोन येथे विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला दोष म्हणजे भावनेचे नुसते नाव घेणे. 'मला फार शोक झाला' असे म्हटल्याने वाचकाला शोकाची बातमी कळते, शोक जाणवत नाही. भावना जाणवण्यासाठी तिचे कारण आणि तिच्यामुळे माणसाच्या वागण्यात पडलेला फरक दाखवावा लागतो. दुसरा दोष म्हणजे एकच भावना पुन्हा पुन्हा चेतवत राहणे. याचे उदाहरण म्हणून मम्मटांनी 'कुमारसंभवा'तील रतीच्या विलापाकडे बोट दाखवले आहे. मदन जळून भस्म झाल्यावर रतीने केलेला तो विलाप साक्षात कालिदासाचा. तरीही तेथे शोक पुन्हा पुन्हा पेटवला गेला आहे, असे या परखड पंडितांना वाटले. जेथे महाकवीलाही सूट नाही, तेथे आपण किती जपून लिहावे!

जबलपूर ही सुप्रसिद्ध हिंदी कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांची कर्मभूमी. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. 1948 मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी नगरपालिकेच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला. त्याचे अनावरण त्यांची बालपणापासूनची मैत्रीण, कवयित्री महादेवी वर्मा यांनी केले. झाशीच्या राणीवरील सुभद्राकुमारींची ओजस्वी कविता सर्वांना ठाऊक असते. परंतु 13 एप्रिल 1919 रोजी अमृतसरला झालेल्या हत्याकांडावर त्यांनी लिहिलेली 'जलियाँवाला बाग में बसंत' ही कविता फार वेगळ्या स्वराची आहे. विषय असा की, कोणीही आक्रोश केला असता आणि तो योग्यही ठरला असता. कवयित्री मात्र वसंत ऋतूशी बोलते. या जागी ये, पण आवाज न करता ये, अशी ती त्याला विनंती करते. येथे मेलेल्या लहान मुलांसाठी कळ्या आणायला सांगते. हे शोकस्थान आहे, एवढे भान वसंतालाही असावे, असे तिचे म्हणणे. आवाज खाली आणल्यामुळे दुःख कमी झाले का? उलट, ते अधिक खोल गेले.

याचा अर्थ लेखनात अश्रूच नसावेत, असा कोणी घेऊ नये. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. या पुस्तकात अश्रू पुष्कळ आहेत आणि ते जरा अतीच आहेत, असा आक्षेपही घेतला जातो. मला तो पूर्णपणे पटत नाही. न्हाऊन आलेल्या मुलाचे तळवे मळू नयेत म्हणून आई आपल्या लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरते, हा प्रसंग आठवून पाहा. तेथे प्रेमाचे वर्णन नाही, प्रेमाची कृती आहे. त्या पुस्तकातील अश्रूंमागे अशी कृती उभी असते, म्हणून ते खोटे वाटत नाहीत. तेव्हा अश्रू किती, हा प्रश्न गौण होय. ते कशासाठी आले, हा खरा प्रश्न. कारण लहान आणि आक्रोश मोठा झाला की भावनेचे प्रदर्शन होते. लिहिणाऱ्याचे लक्ष गेलेल्या माणसावरून उडून 'मी किती हळवा आहे' याकडे वळले की लेखन पोकळ होते. माझ्या शोकप्रस्तावात नेमके हेच झाले होते. त्यात काकू कोठेच नव्हत्या; तो कोणाच्याही नावाने वाचता आला असता.

अतिरेकाचे आणखी एक कारण आहे आणि ते विशेषतः आपल्यासारख्यांच्या विचारात घेण्याजोगे आहे. नोकरी, संसार, कष्ट सांभाळून उशिरा शिक्षणाकडे वळलेल्या माणसाला वाटते की, आपली भाषा साधी आहे, ती लेखनात शोभणार नाही. मग तो स्वतःचा अनुभव बाजूला ठेवतो आणि भारदस्त शब्द उसने आणतो. अशा वेळी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण ठेवावी. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख पतीकडून झाली. तरीही 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेले त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र मराठी गद्याचे भूषण ठरले. वडिलांचे विलक्षण कडक सोवळे, पतीच्या धर्मांतरामुळे वाट्याला आलेला विरह, गरिबी, हे सारे त्यांनी घरात गप्पा माराव्यात तशा भाषेत सांगितले. स्वतःच्या फजितीवर त्या हसतात आणि दुःखाच्या जागी वाजवीपेक्षा जास्त थांबत नाहीत. म्हणूनच वाचकाचा त्यांच्यावर विश्वास बसतो.

विश्वास ही लेखकाची खरी पुंजी होय. प्रत्येक मृत्यूला 'कधीही न भरून येणारी हानी' म्हटले, तर खरोखरच भरून न येणाऱ्या हानीसाठी शब्द उरत नाही. शब्द झिजले की नुकसान केवळ साहित्याचे होत नाही. ज्याचे घर खरोखर उद्ध्वस्त झाले आहे, त्याचा अर्जही मग चार सराईत अर्जांसारखाच वाचला जातो. अतिरंजित लेखनाची किंमत अशी खऱ्या दुःखिताला मोजावी लागते.

म्हणून पत्र, निबंध वा आठवण लिहून झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा : यातील कोणते वाक्य माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला लिहिता आले नसते? असे एक जरी वाक्य सापडले, तरी ते जपावे आणि त्याच्या भोवतीचे उसने अलंकार उतरवून ठेवावेत.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी माझा शोकप्रस्ताव पुन्हा काढला. काकूंच्या मुलाला तो पाठवायचा होता. डोंगर, सागर आणि काळ या तिघांनाही मी रजा दिली. मग लिहिले : ''त्यांनी बटवा दुसऱ्याच्या हाती दिला आणि पैसे कधी मोजले नाहीत.'' पुढे काही लिहावेसे वाटले नाही.