जुने बी : कोणते भिजवावे, कोणते भिजवू नये



मृग जवळ आला की घरोघरी फडताळातले डबे आणि उतरंडीतली गाडगी खाली येतात. कुठे कारल्याची पुडी निघते, कुठे फडक्यात बांधलेला घेवडा, तर कुठे अर्धे उरलेले कांद्याचे बी. पुडीवर तारीख नसते. मग घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो टाकून द्या, दुसरा म्हणतो रात्रभर भिजवून पेरा, उगवेल.

आमच्या एका वाचक भगिनीने असेच पत्र धाडले आहे. त्यांनी तीन वर्षांचे जुने बी सासूबाईंच्या सांगण्यावरून एकाच संध्याकाळी पाण्यात टाकले. कारली आणि दोडका छान उगवला. घेवडा जागच्या जागी कुजला. कांद्याच्या वाफ्यात तर बोटांवर मोजण्याइतकीच रोपे दिसली. त्या विचारतात, “सासूबाईंचे चुकले की माझे?”

ताई, चूक दोघींचीही नाही. फक्त सगळ्या बियांना एकच औषध दिले गेले, एवढेच झाले. म्हणून आज या विषयाकडेच वळू या.

बी हे वाळलेले दिसले तरी जिवंत असते. आत कोंब झोपलेला असतो आणि मंदपणे श्वास घेत असतो. जसजशी वर्षे जातात तसतसे आतल्या पेशींचे पातळ पापुद्रे कमजोर होतात. असे म्हातारे, कोरडे बी एकदम पाण्यात बुडवले की ते घाईने पाणी पिते, पापुद्रे फाटतात आणि आतली साखर व सत्त्व पाण्यात उतरते. घेवडा भिजवलेले पाणी सकाळी गढूळ आणि बुळबुळीत झालेले दिसते ते यामुळेच. त्या सत्त्वावर मातीतली बुरशी धावून येते आणि बी कुजते. कारल्याचे टरफल मात्र जाड असते. त्यातून पाणी हळूहळू आत जाते, म्हणून तिथे भिजवणे उपकारक ठरते. सासूबाईंचा अनुभव बहुधा वेलवर्गातला असावा, आणि तिथे तो अगदी खरा आहे.

आधी परीक्षा, मग पेरणी

भिजवल्याने जिवंत बी लवकर आणि एकसारखे उगवते. मेलेले बी कशानेही उठत नाही. म्हणून आधी डब्यात जीव किती शिल्लक आहे ते पाहावे. बी भरपूर असेल तर १०० दाणे मोजून घ्यावेत, थोडे असेल तर २० घेतले तरी अंदाज येतो. गोणपाटाचा तुकडा स्वच्छ धुऊन, पिळून घ्यावा, त्यावर दाणे अंतराअंतराने मांडावेत आणि हलकी गुंडाळी करून सावलीत ठेवावी. रोज थोडे पाणी शिंपडावे. काकडीला सुमारे ८ दिवस, कोबी व मुळ्याला १०, कांद्याला १२, तर टोमॅटो, वांगी, मिरची व कारल्याला १४ दिवस वाट पाहावी. भेंडी, पालक व धने यांना ३ आठवडेही लागतात. निरोगी मूळ आणि कोंब फुटलेलेच दाणे मोजावेत.

आता हिशेब असा. प्रमाणित बियाण्यासाठी सरकारने उगवणीची किमान मर्यादा ठरवली आहे. कांदा, वांगी व टोमॅटोला ती ७० टक्के, भेंडीला ६५, मिरची व कारल्याला ६० टक्के आहे. म्हणजे नव्या पुडीतले सुद्धा सगळेच दाणे उगवतात असे नाही. तुमच्या जुन्या कांद्याचे १०० पैकी ४५ उगवले, तर नेहमीच्या दीडपटीहून थोडे जास्त बी टाकावे लागेल. तीसच्या खाली आकडा आला तर त्या बियाण्यावर शेत सोपवू नये. एकरभर कांद्याला ३ ते ४ किलो बी लागते. रोपच उगवले नाही तर बियाण्याचे पैसे जातातच, पण गेलेला हंगाम कोणी परत देत नाही. असे बी परसातल्या एखाद्या कोपऱ्यात टाकून पाहावे, आणि मुख्य लावणीसाठी ताजे आणावे.

भिजवण्याची रीत

कारले, दोडका, दुधी, पडवळ : कारल्याच्या बियांचे टोक खरखरीत दगडावर हलकेच घासावे. आतला गर दुखावता कामा नये. मग कारले २४ तास आणि बाकीचे १२ तास साध्या पाण्यात ठेवावे. पाणी एकदा बदलावे. नंतर ओल्या फडक्यात बांधून पुरचुंडी उबेच्या जागी ठेवावी, पण चुलीच्या अगदी जवळ नको. टरफल उकलून पांढरे टोक दिसले की लगेच लावावे. मोड लांब वाढला तर लावताना मोडतो.

भेंडी, पालक, धने : धने आधी हलके रगडून दोन दळे करावीत. तिन्ही १२ तासांपर्यंत भिजवावीत, मग निथळून सावलीत पसरावीत आणि दाणे सुटे झाले की पेरावीत.

कांदा, कोबी, वांगी, टोमॅटो, मिरची : हे बारीक बी जुने असेल तर पाण्यात बुडवू नये. ओल्या, नीट पिळलेल्या फडक्यात पातळ पसरून ८ ते १२ तास गुंडाळून ठेवावे, म्हणजे ते सावकाश ओल घेते. मग सावलीत सुकवून, हाताला चिकटेनासे झाले की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गादीवाफ्यावर पेरावे. बंगालमधल्या कृषी शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात बी ओलवून पुन्हा सुकवण्याच्या रीतीवर बरेच काम केले. मध्यम वयाच्या बियाला तिचा चांगला उपयोग होतो, अगदी निर्जीव बियाला होत नाही.

घेवडा, वाल, चवळी, वाटाणा : यांना पाण्यात टाकूच नये. ओलसर गोणपाटाच्या घडीत एक रात्र ठेवावे, किंवा चांगल्या वाफशावर कोरडेच टोकावे आणि उगवेपर्यंत पाणी बेताचे द्यावे.

काही सावधगिरी

भांड्यात बी बुडेल त्याहून थोडेच जास्त पाणी घ्यावे. बियाला हवाही लागते. सांगितल्यापेक्षा जास्त वेळ भिजवले तर बी गुदमरते.

कोबीचे बी ५० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात २५ ते ३० मिनिटे ठेवण्याची एक रीत आहे. ती बियातून येणाऱ्या रोगासाठी आहे. म्हाताऱ्या बियाला ती सोसत नाही.

लाल, निळा किंवा हिरवा रंग दिलेले बी औषध लावलेले असते. ते भिजवू नये, घरातल्या भांड्यात घेऊ नये आणि कोंबड्यांपुढे टाकू नये. औषध न लावलेले बी भिजवून सुकवल्यावर पेरण्यापूर्वी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. जुन्या बियाची रोपे अशक्त असतात. त्यांना मर लवकर गाठते.

पाण्यावर तरंगले ते मेले आणि बुडाले ते जिवंत, असेही समजू नये. बुडालेल्या बियांतही पुष्कळ मेलेल्या असतात. गोणपाटाची परीक्षाच खरी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकदा जागे झालेले बी पुन्हा झोपवता येत नाही. पावसाच्या भरवशावर कोरड्या मातीत भिजवलेले बी टाकले आणि पाऊस लांबला, तर होते तेही जाते. वाफा ओला, झारी हाताशी आणि वर पाचटाचे पातळ आच्छादन असेल तरच भिजवायला घ्यावे. कोंब वर आले की आच्छादन संध्याकाळी काढावे.

पुढच्या वर्षासाठी

बियाची खरी निगा साठवणीत असते. अमेरिकेतले बियाणे शास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी सोपा ठोकताळा सांगितला आहे : बियातला ओलावा १ टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीची जागा ५ अंशांनी थंड असली तरी तसेच होते. म्हणून बी सावलीत खडखडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी कोरडी राख घालून आणि मध्ये कागद ठेवून भरावे. डबा चुलीवरच्या फळीवर न ठेवता घरातल्या गार कोपऱ्यात ठेवावा. कांद्याचे बी एका वर्षापलीकडे भरवशाचे राहत नाही. मिरची व भेंडी दोनेक वर्षे, वांगी व टोमॅटो तीन-चार वर्षे आणि वेलवर्ग चार-पाच वर्षे चांगला टिकतो. पुडीवर पिकाचे नाव आणि वर्ष लिहायला विसरू नका. घरात शाळेत जाणारी मुले आहेत, त्यांच्याकडून लिहून घ्या.

तेव्हा ताई, सासूबाईंना सांगा, वेलाचे बी तुमच्याच रीतीने भिजवू. घेवड्याला आपण ओली घडी देऊ, आणि कांद्याचे बी मात्र दर वर्षी नवे घेऊ. गोणपाटाची गुंडाळी आजच करा. पेरणीला अजून थोडे दिवस आहेत, तेवढ्यात निकाल हाती येईल.