सांगाडा नव्हे, यंत्र वाचवा

भुईगावच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्या हौशी माणसाने घरात जुन्या व्हिडिओ गेमची खोली करायचे ठरवले, तर पहिली झुंज खाऱ्या वाऱ्याशी. दमट हवेत सर्किट बोर्डाचे जोड गंजतात, प्लायवूड फुगते. तरीही ही हौस करावीच, पण मूळ यंत्र जपून.

‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ चा, ‘पॅक-मॅन’ १९८० चा, ‘स्ट्रीट फायटर टू’ १९९१ चा. आज अनेक जण अशा खेळांच्या यंत्राचा फक्त सांगाडा ठेवतात. पिक्चर ट्यूब भंगारात घालून एलसीडी आणि शेकडो खेळांचा तयार बोर्ड बसवतात. हे नुकसान भरून येत नाही. त्या खेळांची चित्रेच ट्यूबच्या पडद्यासाठी आखलेली होती.

मूळ यंत्राला मात्र जाणते हात लागतात. खेळ बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीच्या १९९३ मध्ये आलेल्या ‘सीपीएस-टू’ बोर्डावर एक बॅटरी असते. ती संपली की खेळ उलगडणारी सांकेतिक किल्ली पुसली जाते आणि यंत्र मुके होते. जपानी यंत्रे १०० व्होल्टवर चालतात, आपल्याकडे वीज २३० व्होल्ट. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आलाच. ट्यूबमध्ये तर हजारो व्होल्टचा दाब असतो, आणि बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो.

पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते अशा रोजच्या वस्तू जमवल्या, म्हणून त्या आज संग्रहालयात दिसतात. व्हिडिओ गेमच्या यंत्रांनाही तोच मान हवा. जुने टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर हाताशी आहेत, तोवर संग्राहकांनी त्यांच्याकडे तरुण मुले शिकायला पाठवावीत.