डडिट्स परग्रहावरचा नव्हता

एक माणूस संडासाच्या झाकणावर बसून आहे. बाहेर अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जंगलात बर्फ पडतंय. झाकणाखाली काहीतरी जिवंत आहे, धडका मारतंय. हा उठला की ते बाहेर येणार. मित्र चिकटपट्टी आणायला शेडकडे धावला आहे. बसलेल्या माणसाला दात कोरायची काडी तोंडात धरून चघळायची जुनी सवय. काड्या फरशीवर सांडल्या आहेत. बहुतेक रक्तात भिजल्यात, एखादीच कोरडी आहे आणि ती हाताच्या टप्प्याच्या जरा पलीकडे पडली आहे. तो वाकतो.

‘ड्रीमकॅचर’ या चित्रपटाची टिंगल करायची झाली की लोक हाच प्रसंग काढतात. ‘तो संडासातल्या किड्याचा सिनेमा ना?’ एवढ्या एका वाक्यात निकाल लागतो. मला हा निकाल मान्य नाही. चित्रपट फसला, हे मलाही कबूल आहे, आणि चांगलाच फसला. पण ज्या कारणासाठी त्याला फासावर दिलं जातं, तो गुन्हा त्याने केलेलाच नाही. संडासातला प्रसंग हा त्यातला सर्वांत भक्कम प्रसंग आहे. खरा गुन्हा शेवटच्या दहा मिनिटांत घडतो आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

स्टीफन किंगची कादंबरी मार्च २००१ मध्ये आली, चित्रपट बरोबर दोन वर्षांनी, मार्च २००३ मध्ये. दिग्दर्शक लॉरेन्स कॅस्डन, पटकथा विल्यम गोल्डमन आणि स्वतः कॅस्डन यांची. खर्च सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर झाला, आणि अमेरिकेतल्या तिकीटबारीवर ३.५ कोटीही जमले नाहीत. अपयशाची कारणमीमांसा तेव्हापासून चालू आहे आणि ती तीन सुरांत चालते. तिन्ही ऐकून घेऊ.

पहिला सूर असा: कादंबरीच टाकाऊ होती, चित्रपट तरी काय करणार? या पक्षाच्या हाती एक हुकमी पत्ता आहे. खुद्द किंगने २०१४ साली एका मुलाखतीत सांगितलं की हे पुस्तक आपल्याला फारसं आवडत नाही. लिहिताना घेतलेल्या वेदनाशामक औषधांचा अंमल त्यात दिसतो. झालं! लेखकानेच हात झटकले म्हटल्यावर आणखी साक्ष कशाला?

पण लेखकाचं मत प्रमाण मानायचं तर सगळीकडेच मानायला हवं. त्याच्याच कादंबरीवर बेतलेला कुब्रिकचा ‘द शायनिंग’ किंगला कधीच रुचला नाही, हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मग तोही चित्रपट अडगळीत टाकणार का? तिथे ‘लेखकाला काय कळतं’ म्हणायचं आणि इथे त्याच्या शब्दाला वेदवाक्य मानायचं, ही सोयीची भक्ती झाली.

आणि ती वेदना बाजूला ठेवून हे पुस्तक वाचताच येत नाही. १९ जून १९९९ रोजी मेनमधल्या लव्हेल गावाजवळ रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या किंगला एका व्हॅनने उडवलं. कंबर मोडली, पायाच्या हाडांचे तुकडे झाले, फुप्फुस निकामी झालं. त्यानंतरच्या हिवाळ्यात खुर्चीवर फार वेळ बसणंही असह्य असताना, त्याने ही सहाशेवर पानांची कादंबरी फाउंटन पेनने, हाताने लिहून काढली. तिचं मूळ नाव होतं ‘कॅन्सर’. बायकोला ते नाव धड वाटेना, म्हणून बदललं. आपल्या शरीरात आपल्या परवानगीशिवाय काहीतरी शिरलं आहे, वाढतं आहे, आणि आपण आतून बघत राहण्यापलीकडे काही करू शकत नाही, ही त्या हिवाळ्याची भीती आहे. परग्रहावरचे जीव हा तिचा नुसता पोशाख. जंगलात हरवलेला एक शिकारी चार मित्रांच्या लाकडी केबिनमध्ये येतो, त्याचं पोट फुगलेलं, ढेकरा आणि वारा सरता सरत नाही, गालावर लालसर बुरशी. त्याच्या आत जे आहे ते संडासात बाहेर पडतं. पुष्कळांना आपल्या दुखण्याची पहिली बातमी संडासातच कळते, भांड्यात रक्त दिसतं तेव्हा. ‘कॅन्सर’ नावाच्या कादंबरीने आपला मुख्य प्रसंग तिथे ठेवला, यात विनोद कुठे आला? झाकणावर बसलेला बीव्हर मरतो तो शौर्यापायी नाही की मूर्खपणापायीही नाही, तर सवयीपायी. तंबाखू सोडू न शकणाऱ्या माणसांच्या घरात वाढलेल्या कोणालाही तो वाकलेला हात ओळखता येईल. आणि हा प्रसंग कॅस्डनने जवळजवळ जसाच्या तसा उचलून नीट उभा केला आहे.

कादंबरी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. शेवटचा बर्फातला पाठलाग संपता संपत नाही, आणि कर्नल कुर्ट्‌झ हा कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वरून उसना घेतलेला माथेफिरू लष्करी अधिकारी पहिल्या पानापासून व्यंगचित्रच वाटतो. (चित्रपटाने त्याचं आडनाव कर्टिस केलं आणि मॉर्गन फ्रीमनला पांढऱ्या जाडजूड भुवया चिकटवल्या. दोन्हींचा उपयोग सारखाच.) पण पुस्तकाला दुखणं माहीत आहे. भयकथेकडून मी त्याहून जास्त मागत नाही.

दुसरा सूर पहिल्याच्या बरोबर उलट, आणि गंमत म्हणजे अनेकदा एकाच तोंडातून निघतो: चित्रपट कादंबरीशी फार प्रामाणिक राहिला, सगळं कोंबत गेला, म्हणून गुदमरला. दोन तास चौदा मिनिटांत चार मित्र, त्यांचं लहानपण, मनातलं ओळखण्याची शक्ती, लष्कर, किडे, बुरशी, चौघांपैकी जोन्सीच्या शरीरात घुसलेला परग्रहवासी मिस्टर ग्रे, एवढं बसतंय कुठे? गर्दी आहे हे खरं. पण प्रामाणिकपणा किंवा अप्रामाणिकपणा हे माध्यमांतराचं मोजमापच नव्हे. जॅक फिनीच्या १९५५ च्या ‘द बॉडी स्नॅचर्स’ कादंबरीत शेवटी त्या परक्या शेंगा कंटाळून पृथ्वी सोडून जातात. फिलिप कॉफमनच्या १९७८ च्या चित्रपटात कोणी जात नाही, आणि डोनाल्ड सदरलंडचं बोट उठतं ते शेवटचं दृश्य पाहून आजही अंगावर काटा येतो. किंगच्याच ‘द मिस्ट’चा शेवट फ्रँक डॅराबाँटने २००७ मध्ये पार बदलला, कितीतरी क्रूर केला, आणि किंगने त्याला मनापासून दाद दिली. किंगच्या ‘मिझरी’ कादंबरीत ॲनी विल्क्स कुऱ्हाडीने लेखकाचा पाय तोडते, चित्रपटात हातोड्याने घोटे मोडते, आणि ती पटकथा याच गोल्डमनची होती. आपल्याकडे नारायण धारपांनी किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ बेतली तेव्हा अमेरिकेतलं गावच सोडून दिलं, भीती मात्र आणली.

म्हणजे बदल करायला कोणाची हरकत नाही. काय बदलता, याची आहे.

तिसरा सूर जरा विद्वान आहे: कादंबरी आतलं सांगते, कॅमेरा बाहेरचं दाखवतो, जोन्सीच्या डोक्यात चाललेली लढाई पडद्यावर यायचीच नाही. हा युक्तिवाद चित्रपटाने स्वतःच खोडून काढला आहे. जोन्सीची स्मृती म्हणजे एक भलंमोठं गोदाम, चक्राकार चढत जाणारं, खोक्यांनी भरलेलं. जागा करायला तो हातगाडीवरून जुनी खोकी नेऊन जाळतो. शरीर मिस्टर ग्रेने बळकावलं तेव्हा तो त्याच गोदामातल्या एका खोलीत स्वतःला कोंडून घेतो आणि खिडकीतून बघतो की आपले हात गाडी चालवताहेत. एका माणसाचं आतलं जग इतक्या साध्या सुतारकामाने उभं केलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. एवढं जमलेल्याला ‘माध्यमाची मर्यादा’ ही सबब वापरता येत नाही. त्याच जोन्सीच्या तोंडी मिस्टर ग्रे बोलतो तेव्हा त्याला साहेबी इंग्रजी उच्चार का दिला, हे मात्र कॅस्डनच जाणे. डेमियन लुइस बिचारा दोन्ही बाजूंनी जीव तोडून काम करतो. परिणाम नाटक कंपनीतल्या खलनायकासारखा.

आता माझं म्हणणं.

या गोष्टीच्या मध्यभागी किडा नाही, डडिट्स आहे. डग्लस कॅव्हेल, डाउन सिंड्रोम असलेला एक मुलगा. डेरी गावात काही दांडगट पोरं त्याला कुत्र्याची विष्ठा खायला लावत असतात. चार शाळकरी मित्र मध्ये पडतात. त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत चांगलं काम, आणि ते तेराव्या-चौदाव्या वर्षीच होऊन गेलं. डडिट्समुळे चौघांना एकमेकांची मनं कळू लागतात. पुढे ते मोठे होतात, पांगतात. एक, हेन्री, मानसोपचारतज्ज्ञ असून स्वतः आत्महत्येच्या काठावर, एक दारूत बुडालेला. दरवर्षी शिकारीला जमतात, डडिट्सची आठवण काढतात, पण त्याच्याकडे जाणं हळूहळू बंद पडलं आहे. संकट आल्यावर हेन्री त्याच्या दारात उभा राहतो, तेव्हा रक्ताच्या कर्करोगाने डडिट्सचं पार पाप्याचं पितर झालेलं आहे. आई त्याला कपडे घालते, डबा हातात देते आणि पाठवते. परत येणार नाही हे तिला ठाऊक आहे.

विसरून गेलेले मित्र आणि त्यांना न विसरलेला तो: सगळी कादंबरी या अपराधी भावनेवर उभी आहे. पुस्तकातला अखेरचा सामना जोन्सीच्या मनातल्या एका इस्पितळाच्या खोलीत होतो. खाटेवर मिस्टर ग्रे पडला आहे, रोग्यासारखा, आणि जोन्सी उशीने त्याचा श्वास कोंडतो. डडिट्सने आपल्या शेवटच्या ताकदीने मित्रांना तिथे एकत्र आणून धरलेलं असतं, आणि तो मरतो. पुढे हेन्री शंका काढतो की मिस्टर ग्रे हा माणूस कदाचित जोन्सीनेच घडवला असेल. व्हॅनखाली सापडलेल्या लेखकाने लिहिलेला शेवट तो. आजारपण, इस्पितळ, मित्र.

चित्रपट काय करतो? बॉस्टनला पाणी पुरवणाऱ्या क्वॉबिन जलाशयापाशी डडिट्स मिस्टर ग्रेसमोर उभा राहतो, आणि त्याच्या कातडीखालून दुसराच परग्रहवासी बाहेर पडतो. दोन राक्षस एकमेकांना भिडतात, फुटतात, लाल धुळीचा ढग उठतो. उरलेला एक किडा जोन्सी बुटाखाली चिरडतो. संपलं.

या एका फटक्याने किती गोष्टी मेल्या ते पाहा. आईचा मुलगा गेला. ती इतकी वर्षं कोणाला भरवत होती? कर्करोग गेला; परग्रहावरच्या जीवाला ल्युकेमिया कसा झाला, हे विचारायला पटकथेला सवड नाही. चार मुलांनी एका दुबळ्या पोराला वाचवलं ही घटनाच रद्द झाली, कारण तो दुबळा नव्हता, वेष पालटून बसलेला योद्धा होता. आणि सर्वांत वाईट म्हणजे न बोलता केलेलं विधान: डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाकडे एवढं मोठं प्रेम असेल तर तो माणूस नसणारच. यावर कोणी म्हणेल, कादंबरीतला डडिट्सही देवदूतच आहे, मंदबुद्धी म्हणून निष्पाप आणि निष्पाप म्हणून चमत्कारी, हा जुना साचाच झाला. बरोबर आहे. ती किंगची उणीव आहे, आणि एकट्या याच पुस्तकातली नव्हे. पण किंगने त्याला माणूस ठेवलं. त्याची शक्ती कुठून आली याचा खुलासा केला नाही, करायची गरजही नव्हती. मुलं वाचवतात, मग मुलांना काहीतरी मिळतं, एवढं पुरे होतं. चित्रपटाने खुलासा केला, आणि खुलासा करताना माणूस घालवला.

आक्रमणाच्या कथेत एक तरी जागा अशी लागते की जिथे परकं पोचत नाही. सगळेच परके निघाले तर आक्रमण कोणावर झालं? कॉफमनच्या शेवटात भीती आहे कारण सदरलंड आधी माणूस होता आणि तो गेला, हे आपल्याला कळतं. डडिट्स कधी माणूस नव्हताच असं सांगितल्यावर त्याच्या जाण्याने आपलं काय जातं?

याचं मला अधिक वाईट वाटतं, कारण हे काम योग्य माणसांकडे होतं. कॅस्डनने १९८३ साली ‘द बिग चिल’ केला: एका मित्राने आत्महत्या केल्यावर जमलेले जुने मित्र, त्यांची थट्टा, त्यांचा अपराध. केबिनमधला पहिला अर्धा-पाऊण तास पाहा, चौघांचं बोलणं, आपसांतल्या खुणेच्या शिव्या, जॉन सीलने टिपलेला बर्फ, आणि जंगलातली सगळी जनावरं जखमा अंगावर घेऊन एकाच दिशेने धावत सुटलेली. तोच कॅस्डन तिथे आहे. त्याला ही गोष्ट कळत होती. शेवटाकडे येता येता बहुधा वाटलं असावं की एवढ्या खर्चाच्या चित्रपटात मरणारा आजारी मुलगा पुरणार नाही, काहीतरी फुटलं पाहिजे. हा अर्थात माझा कयास. पण पडद्यावर दिसतं ते तेवढंच.

चित्रपट बघायचाच असेल तर जरूर बघा. संडासाच्या प्रसंगाला हसू नका. गोदाम नीट पाहून घ्या. हेन्री डडिट्सच्या दारात पोचला, आईने डबा हातात दिला, की उठा आणि पुढचं पुस्तकात वाचा.