जळालेल्या पार्टचं नाव सांगा

मामाची टॅक्सी तीन सिलिंडरवर धडधडायला लागली. सर्व्हिस सेंटरने दोन नंबरचा कॉइल बदलला, बिल लावलं, मिसिंग तसंच. मग निकाल लागला: "ईसीयू गेलाय. नवा टाकावा लागेल, अडतीस हजार." मामाने विचारलं, "ईसीयूमधलं काय गेलंय?" काउंटरवरचा पोरगा हसला. "काका, ते कुणी उघडत नाही."

माझं भांडण त्या हसण्याशी आहे.

"ईसीयू गेला" हे निदान नाही. पोट दुखतंय म्हणून डॉक्टरने "धड बदला" म्हणावं, तसं आहे ते. कारण खुणा समोर होत्या. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली, की तो नवाकोरा कॉइल मिनिटभरात चटका देण्याइतका तापायचा. म्हणजे त्यातून सतत करंट वाहत होता. करंट चालू-बंद करणारा पार्ट ईसीयूत असतो आणि तो शॉर्ट झाला, की असंच होतं.

डबा उघडला. बोर्डच्या कडेला एकसारखे चार काळे पार्ट, दर सिलिंडरला एक. मल्टीमीटर लावला, तर तीन ठीक होते आणि एक आरपार बीप देत होता. फुटल्यामुळे त्याच्यावरचा नंबरही उडाला होता. हरकत नाही, शेजारी तीन सख्खे भाऊ धडधाकट बसलेत, त्यांचा नंबर वाचू.

वाचला. पाच आकडे. कुठल्याच डेटाशीटमध्ये नाहीत. तापकीर गल्लीत दोन दुकानदारांनी बघून मान हलवली. हा बाजारातला नंबर नव्हताच. ईसीयू बनवणाऱ्याने स्वतःपुरता छापून घेतलेला होता. गाडी मामाची, हप्ते मामाचे, पार्टचं नाव मात्र त्यांचं गुपित.

मग नावावरून नाही, कामावरून ओळखायचं. पाठीचा पत्रा थेट कॉइलच्या पिनला जातो, एक पाय ग्राउंडकडे, एक प्रोसेसरकडे. म्हणजे हा इग्निशनचा आयजीबीटी. कॉइलचा करंट तुटताना साधारण 400 व्होल्टचा झटका येतो, तो झेलणारा आणि 5 व्होल्टच्या इशाऱ्यावर चालणारा. 60 व्होल्टचा कुठलातरी मॉस्फेट दिसायला सारखा असतो, पण तो पहिल्याच ठिणगीला जाईल. शेवटी भंगारातल्या तशाच ईसीयूवरून एक काढून बसवला. आणि हो, जुना कॉइलही मोजला. त्याच्या प्रायमरीचा रेझिस्टन्स इतर तिघांपेक्षा बराच उतरला होता. खरा मारेकरी तोच. चौथ्या सिलिंडरचा सूर परत लागला.

कंपन्या म्हणतात, हे उघडं केलं तर चोरांचं फावेल. इमोबिलायझरचा कोड लपवा, माझं काही म्हणणं नाही. पण ठिणगी पाडणाऱ्या एका ट्रान्झिस्टरचं नाव कळून चोर काय दिवे लावणार?

ऑगस्ट 2014मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजना सुटे भाग, मॅन्युअल, निदानाची साधनं मिळू देत नाहीत म्हणून. प्रकरण अपिलांत गेलं. 2022मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्यात वाहनंही धरली, वर्षअखेर पोर्टल आलं. छान. पण पोर्टलवर मॅन्युअल टाकून भागत नाही. "युनिट बदला" एवढंच लिहिलेलं मॅन्युअलही मॅन्युअलच असतं. मला बोर्डची सर्किट आकृती आणि प्रत्येक पार्टचं बाजारातलं नाव हवंय.

आता आपल्याच लोकांबद्दल, कारण ते लपवलं तर हा लेख खोटा ठरेल. ओळखीतला एक ईसीयू दुरुस्त करणारा दादा आहे, हाताला सोनं. नवा पार्ट बसवला, की सॅंडपेपरने त्याच्यावरचा नंबर घासून टाकतो. मी म्हटलं, "दादा, हे काय?"

"पाच वर्षं लागली हा नंबर शोधायला. मला कोणी सांगितला होता?"

"म्हणून तूही नाही सांगणार?"

त्याने सॅंडपेपर खाली ठेवला नाही. पण त्या दिवशी त्या पार्टवर तो फिरवलाही नाही.